सतरा की एकाहत्तर

११ नोव्हेंबर, सोमवार

"तुमच्याकडे विळी असेल ना हो? माझी ट्रकमध्ये हरवली."

आर. के. पुरमच्या या जिन्यात एका बाईने मला हे विचारलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. आम्ही आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. खोकी बांधलेलीच होती, आणि दिल्लीत मला कुणी मराठीत काही विचारेल असं स्वप्नातही नव्हतं. विळी माझ्याकडे होती. ती बाई म्हणजे भानुमती. ती तळमजल्यावर, आम्ही वर. माझ्या विळीवर त्यानंतर माझ्यापेक्षा तिचीच भाजी जास्त चिरली गेली असेल.

आज हे आठवलं, कारण आजपासून आम्ही दोघी धंद्यात पडलो. हे लिहितानासुद्धा हसू येतंय!

माझी कॉलेजातली मैत्रीण उल्का टोरांटोत मराठी सणांचं सामान विकते. सकाळी तिचा फोन आला. तिकडे बोरन्हाणं असतात, नव्या सुनांचे पहिले संक्रांतसण असतात, काळे झबले आणि काळ्या साड्या मिळतात, पण हलव्याचे दागिने मिळत नाहीत. "तुझी ती खालची मैत्रीण करते ना गं? फोटोत पाहिलेत मी. पाठव की."

मी चप्पल न घालताच खाली धावले. भानू मेथी निवडत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिने मेथीची काडी मोडली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "करू या. या संक्रांतीला करूच या."

भानूचे यजमान शांतारामराव गेल्या जानेवारीत गेले. ऑफिसातून आले, चहा मागितला, आणि चहा यायच्या आत संपलं. सरकारी क्वार्टर, ते येत्या जानेवारीअखेर सोडायचं आहे. त्यानंतर भानू कुठे जाणार, हा विषय आम्ही दोघींनी वर्षभर टाळला. कराडला तिची बहीण कौशल्या आहे, ती सारखी बोलावते. पण हा धंदा चालला तर भानूला इथेच खोली घेऊन राहता येईल. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला कळलंच असणार. त्याशिवाय का ती इतक्या पटकन हो म्हणाली!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझ्या आवडीचं काम केलं. मालाचा आकडा ठरवला.

अश्लेषा सहावीत जाईपर्यंत मी आठ वर्षं महिपालपूरला एका कस्टम्स ब्रोकरकडे नोकरी केली. परदेशी जाणाऱ्या मालाला त्याचा आकडा शोधून द्यायचा, हे माझं काम. सुधन्वा अजून लेकीला सांगतो, "तुझी आई जगातल्या सगळ्या वस्तूंना रोल नंबर द्यायची." त्याला काय कळणार. मंत्रालयात बसून तो नुसत्या फायलींना नंबर देतो.

ते जाडजूड पुस्तक उघडलं की मला अजून भरून येतं. जगात जे जे म्हणून जहाजावर चढवता येतं, त्या सगळ्याला त्यात जागा आहे. पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरं, शेवटाकडे चित्रं आणि पुराणवस्तू. मधे दूध, मीठ, छत्र्या, केसांचे टोप, आगगाड्या. आणि आकड्याचे पहिले सहा अंक जगभर बहुतेक सगळीकडे सारखे! टोरांटोतला कुणी गोरा कारकून तो आकडा वाचेल आणि माझ्या हातात काय आहे ते त्याला दुभाष्याशिवाय कळेल.

हार, बाजूबंद, वाक्या, तोडे, मुकुट. मला क्षणभरही शंका आली नाही. एकाहत्तरावं प्रकरण, नकली दागिने. साखरेचं प्रकरण सतरावं. सतरा आणि एकाहत्तर, अंक नुसते उलटे. हे दिसल्यावर मी एकटीच टाळी वाजवली.

संग्रामला फोन केला. हा रेवाडीकडचा, माझ्या जुन्या ऑफिसात माझ्यासमोर बसायचा, आता स्वतःचं लायसन काढून ब्रोकर झालाय. कागद तोच भरणार. म्हणाला, "ज्वेलरी? बढ़िया है मैडम जी. खाने का माल होता तो सौ लफड़े होते."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा बंद, ट्रक बंद. समोरची बिल्डिंग धुरात गेलीय.

आणि आमचा पहिला हलवा राखाडी झाला! भानूने खिडकीजवळ मलमलीखाली ठेवला होता. सकाळी बघतो तर पांढऱ्याऐवजी उंदराचा रंग. भानू म्हणाली, "काळ्या कपड्यावर राखाडी दागिने. बाळ नाही, कोळशाचं पोतं दिसेल."

मी वर जाऊन आमचा एअर प्युरिफायर उचलून आणला. सुधन्वा मागोमाग खाली आला. "म्हणजे मी खोकायचं आणि हलव्याने शुद्ध हवा खायची?"

"भावजी," भानू म्हणाली, "तुम्हाला कुणी टोरांटोला मागवलंय का?"

तो परत वर गेला. जाताना मूठभर हलवा घेऊन गेला, राखाडीच.

हलवा करायला वेळ लागतो. परातीत भाजलेले तीळ, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक, आणि मग बोटांनी हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. दोन-तीन दिवसांनी एकेका दाण्यावर काटा उभा राहतो. थंडी असली की काटा छान येतो. अश्लेषा म्हणाली, "हे तर मेडिटेशन आहे यार." पाच मिनिटांनी बोट भाजलं तेव्हा मेडिटेशन संपलं.

भानू मात्र हल्ली परातीजवळ बसतच नाही. "आज तू कर," म्हणते आणि खुर्ची ओढून लांब बसते.

"अगं, मला कुठे तुझ्यासारखा येतो?"

"म्हणूनच कर. पाक कधी पुरे झाला ते बोटांना कळायला हवं. सांगून नाही कळत."

"तू आहेस ना सांगायला."

"असू दे. यावं आपलं आपल्याला."

किती काटेकोर बाई! बोटांच्या टोकांना सगळीकडे चटके बसलेत. पेन धरवत नाही, पण आज दुपारी माझ्या परातीत काटा आला. माझ्या हातून! मी ओरडलेच. भानू उठून आली, दाणा उजेडात धरला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सरोजिनी नगर. मुंगी शिरायला जागा नाही, आणि आम्ही दोघी खुशीत. खोक्यांच्या तळाला काळी मखमल घेतली, पांढरा दोरा घेतला. भानूची हिंदी वीस वर्षांनंतरही कराडचीच आहे. "भैया, बराबर भाव बोलो, हम रोज का गिऱ्हाईक है." भैयाने मुकाट्याने भाव कमी केला. मला वाटतं, भीतीनेच.

भानूने चेनच्या दोन मोठ्या कॅनव्हासच्या पिशव्याही घेतल्या, माणूस मावेल एवढ्या. मी म्हटलं, "एवढ्या कशाला? उल्काचा माल तर खोक्यांतून जाणार."

"असू देत. लागतात."

दूरदृष्टी याला म्हणतात. मी एका ऑर्डरचा विचार करते, ती पुढच्या वर्षाचा.

घरी आल्यावर तिने पलंगातल्या दोन रजया काढून गेटवरच्या गार्डला देऊन टाकल्या. दिल्लीचा डिसेंबर तोंडावर आलेला असताना! "जागा होते गं," म्हणाली. खरंच आहे. पराती, चाळण्या, खोकी, आमच्या धंद्याने तिचं घर गिळलंय. मला वाईट वाटलं. यावर उपाय माझ्या डोक्यात आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

उपाय सापडला! मुनिरका गावात एक जागा पाहिली. खाली मोठी खोली, आमच्या कामाला. वर छोटी खोली, स्वयंपाकाचा ओटा, दक्षिणेची खिडकी. हिवाळ्यात दिवसभर ऊन. घरमालकिणीने मला अंगणातच बसवून मुळा खायला दिला आणि विचारलं, "कौन रहेगी ऊपर?" मी म्हटलं, "मेरी सहेली." सांगताना छान वाटलं.

भानूला इतक्यात सांगत नाही. माल पोचला, पैसे आले की सांगेन. तेव्हा तिचा चेहरा बघायचाय मला.

३ डिसेंबर, मंगळवार

माल गेला. संग्रामच्या टेम्पोत खोकी चढली, तेव्हा भानूने प्रत्येक खोक्याला बोट लावून नमस्कार केला. मी हसले, आणि मग मीही केला.

६ डिसेंबर, शुक्रवार

माल अडकला.

संग्रामचा फोन. "मैडम जी, डिब्बा खोला तो बोले, ये ज्वेलरी कहाँ है, ये तो चीनी है. और चीनी बाहर भेजने पर रोक है." सध्या देशातली साखर बाहेर न्यायची तर सरकारी परवानगी लागते. आमच्या हारांना त्यांनी साखरेच्या पोत्यांत बसवलं.

आकडा मी दिलेला. माझी चूक कुठे झाली ते मला अजून कळत नाही. हार हा दागिना नाही तर काय आहे?

सुधन्वा ऑफिसातून आला, ऐकलं आणि म्हणाला, "झालं! मराठ्यांनी दिल्लीपर्यंत येऊन आणखी एक पानिपत केलं." मी त्याच्याशी जेवताना बोलले नाही. नंतर त्याने आपणहून भांडी घासली, तेव्हा बोलले.

भानू शांत होती. "आपण म्हटलं दागिना, ते म्हणाले साखर. पोराला कुणीच ओळखलं नाही." मग एकदम विचारलं, "पण संक्रांतीपर्यंत पोचेल ना? अलके, या संक्रांतीला पोचायला हवं गं."

तिचा आवाज असा मी वर्षभरात ऐकला नव्हता. माल पोचला नाही तर धंदा नाही, धंदा नाही तर मुनिरका नाही, आणि मग कराड. तिलाही तेच वाटत असणार. सोमवारी कस्टम्सने आम्हाला बोलावलंय.

९ डिसेंबर, सोमवार

सगळं नीट लिहायला हवं.

अप्रेझर मॅडम, म्हणजे माल तपासणारी अधिकारी, तिशीच्या असतील. अंगात जाड स्वेटर, टेबलाच्या कोपऱ्यात गजकचा, म्हणजे इकडच्या तिळाच्या वडीचा, उघडा डबा. समोर आमचं खोकं, त्यात मखमलीवर आमचा हार आणि मुकुट. आमच्याकडे न बघताच तिने विचारलं, "ये क्या है?"

"ज्वेलरी," मी म्हटलं.

"मिठाई," भानू म्हणाली. अगदी एकाच वेळी.

तिने मान वर केली. "आप दोनों पहले आपस में तय कर लीजिए. इसको पहनते हैं कि खाते हैं?"

"पहले पहनते हैं, फिर खाते हैं," भानू म्हणाली.

"कौन?"

"एक बच्चा पहनता है. फिर बाकी सब बच्चे आके खा लेते हैं."

"बच्चे को?"

"नहीं नहीं! हार को!"

दाराशी उभ्या शिपायाला खोकला आला. मला वाटलं, संपलं सगळं. मी घाईघाईने बोरन्हाण समजावायला लागले. बाळाला पाटावर बसवतात, काळं झबलं, डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे ओततात. मॅडमनी हात वर केला. "देखिए, मेरे पास एक चीज़ का एक ही नंबर है. दो नहीं दे सकती." आणि तिने हार उचलला, दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मैडम, वो मत..." भानू ओरडली.

तिने ओढलं.

सगळा हार सुटला! टेबलावर, फायलींवर, गजकच्या डब्यात, फरशीवर. पांढरा हलवा टणाटण उड्या मारत कपाटाखाली गेला. शिपाई गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागला. मॅडमच्या हातात नुसता दोरा. ती इतकी घाबरली की मला तिची दया आली. "मैंने तोड़ दिया क्या?"

"नहीं," भानू म्हणाली, "ऐसे ही होता है. अभी बच्चे लोग लूट लेंगे."

मग भानूने दाखवलं. ती हाराला शेवटी सुरगाठ मारते. सण झाला की आईने टोक ओढायचं, हलवा खाली, आणि पोरं तुटून पडतात. डिंक नाही, फेविकॉल नाही, कारण पाटावरचं बाळ तोवर हार चोखत बसलेलं असतं. वीस वर्षं मी तिला ती गाठ मारताना पाहिलं. कधी विचारलं नाही, घट्ट का नाही मारत म्हणून. कारण माझ्या डोळ्यांना तो दागिना दिसायचा आणि तिला पोरांचा खाऊ.

मॅडमनी एक दाणा उचलून दातांखाली फोडला. "अंदर तिल है."

"तिल है, मैडम," मी म्हटलं, आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. "नुसती साखर असती तर आत तीळ कशाला? आणि हा दोरा..." मी मराठीतच बोलत होते! हिंदीत आले. "ये धागा तो सिर्फ़ पैकिंग है, मैडम. जैसे आपकी गजक का कागज़."

ती डब्याकडे बघत राहिली. मग हसली. "सतरा शून्य चार. शुगर कन्फेक्शनरी." साखरेचीच पण मिठाई, तिच्यावर बंदी नाही. एकाहत्तरही नाही, साखरेचं पोतंही नाही, तिसरंच घर, आणि अगदी शेजारी!

पण मुकुट अडला. मुकुटाला भानूने पुठ्ठा वापरला होता, जरीची पट्टी चिकटवली होती. मॅडमनी तो उलटा करून हलवला. काही पडलं नाही. "ये कौन खाएगा?" तिने तो बाजूला ठेवला. "इसको निकालिए. और खाने की चीज़ है, तो खाने के कागज़ लाइए. लाइसेंस, लेबल, बनाने की तारीख."

निघताना तिने विचारलं, "अगले महीने मेरी भांजी का पहला जन्मदिन है. वो भी पहन सकती है?" भानू म्हणाली, "क्यों नहीं? पर माँ को बोलना, धागा वही खींचेगी."

ऑटोत आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि "बच्चे को?" म्हणून इतक्या हसलो की ऑटोवाल्याने आरसा फिरवून पाहिलं. भानूच्या डोळ्यांतून पाणी आलं. जानेवारीनंतर मी तिला पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. असंच हसू वर्षानुवर्षं शेजारी बसून ऐकायचंय, असं मनात आलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

अन्न परवान्याचा अर्ज केला. मी भानूचं नाव घालत होते, हलवा तिचा आहे. तिने माझा हात धरला. "तुझं घाल. पत्ताही तुझाच, वरचा."

"पण तुझा हात आहे यात."

"तुझ्या हातालाही आता काटा येतो. माझ्या मागे नको ही कागदांची कटकट."

कागदांचा तिला पहिल्यापासून कंटाळा. घातलं माझं नाव. कृती तिची, म्हणून संमतीपत्रावर मात्र तिची सही घेतली. तेवढं तरी.

१५ डिसेंबर, रविवार

मुकुट सुटला! अश्लेषाने सोडवला.

सकाळपासून आम्ही दोघी पुठ्ठ्याशिवाय मुकुट उभा राहावा म्हणून झटत होतो. तो दर वेळी सांडग्यासारखा आडवा पडायचा. अश्लेषा कोपऱ्यात क्रोशाने स्वतःसाठी टोपी विणत होती. म्हणाली, "मावशी, क्रोशाची चेन एक टोक खींचलं की पूरी खुलते ना? मग बीड्ससारखा हलवा विणूनच टाकायचा."

"बीड्स नाही गं, मणी," भानू म्हणाली, आणि मग थांबली. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

संध्याकाळपर्यंत पहिला मुकुट तयार. उभा राहतो, डुलतो, आणि एक टोक ओढलं की सगळा उसवून ओंजळीत येतो. आम्ही तो सुधन्वाच्या टकलावर ठेवून पाहिला. त्याने स्वतःच टोक ओढलं आणि सगळं खाल्लं. "गुणवत्ता तपासणी," म्हणाला.

भानू अश्लेषाजवळ बसून होती. "तू आईला सोडू नकोस हं या कामात," असं म्हणताना ऐकलं. लेक कॉलेजातून सुटली की लगेच पळते, त्यावरून म्हणाली असेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

परवाना आला, लेबलं छापून आली: साखर, तीळ, दूध, लिंबू. माल दुसऱ्यांदा निघाला आणि कुठेही न अडता विमानात चढला. संग्राम म्हणाला, "मैडम जी, अगली बार मुझे भी बता देना कि ये खाते हैं. मैं गले में डालने वाला था."

२८ डिसेंबर, शनिवार

पोचला! उल्काने फोटो पाठवला, बर्फातल्या दारात आमची खोकी. एकही हार तुटलेला नाही. तिने पुढच्या वर्षीसाठी दुप्पट सांगितलंय, आणि सिडनीहून तिच्या नणंदेनेही विचारलंय. सिडनीतही पहिले सहा आकडे तेच!

भानूला सांगायला गेले तर ती पंखे पुसत होती. डिसेंबरात. मी म्हटलं, "संक्रांत होऊ दे, मग तुला आणखी एक गंमत सांगायची आहे." ती म्हणाली, "मलाही तुझ्याशी बोलायचंय. संक्रांत होऊ दे."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. उल्काचा व्हिडिओ आला. एक गुबगुबीत पोरगी पाटावर, आमचा मुकुट डोक्यावर, हार तोंडात. आई टोक ओढते, आणि आठ-दहा पोरं मराठी-इंग्रजीत किंचाळत तुटून पडतात. एकाच्या गालाला हलवा चिकटलाय.

भानूने तो किती वेळा पाहिला! नंतर म्हणाली, "कौशल्याला पाठव."

मुनिरकाचं उद्या सांगते. घरमालकिणीला फोन केला, खोली अजून रिकामी आहे.

१५ जानेवारी, बुधवार

मी खाली गेले, खोलीचं सांगितलं. ऊन, ओटा, खिडकी, सिडनी, सगळं एका दमात. ती ऐकत होती. मधे थांबवलं नाही तिने. माझं संपल्यावर म्हणाली, "अलके, सत्तावीसचं गोवा एक्सप्रेसचं रिझर्वेशन आहे माझं. कराडचं."

मी म्हटलं, "परत कधी?"

तिने कोपऱ्यातल्या त्या दोन मोठ्या पिशव्यांकडे पाहिलं.

"मग हे सगळं कशासाठी केलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुझ्यासाठी. आणि मला एक संक्रांत हवी होती गं. गेली संक्रांत कशी गेली तू पाहिलीस." मग म्हणाली, "मला वाटलं तुला कळलंय आणि तू बोलत नाहीयेस. मला बरं वाटत होतं त्याचं."

मी म्हटलं, दिल्लीत काय कमी आहे. तिने खिडकीकडे बोट केलं. सहा वाजत आले होते. ऑफिसं सुटली होती, सेक्टरमध्ये एकेक स्कूटर शिरत होती. "वर्ष झालं. अजून सहाला आवाज आला की मी चहाचं पाणी ठेवते. रोज ठेवते, अलके, आणि रोज ओतून देते. मुनिरकात नसतील का स्कूटरी?"

तेवढ्यात बाहेर एक स्कूटर थांबली. ती उठली. गॅसपाशी गेली, आणि तिथेच उभी राहिली.

मी वर आले.

१७ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस खाली गेले नाही. अश्लेषा जाऊन आली. म्हणाली, मावशी पिशव्या भरतेय आणि तुला विचारतेय. सुधन्वाने थट्टा केली नाही. पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

सिडनीच्या बाईंचा मेल आलाय. वाचला. उत्तर द्यायचंय, देईनही. पण मेल वाचताना कळलं की मला सिडनी नको होतं. टोरांटोही नको होतं. तिच्या परातीशेजारी बसायला मिळावं म्हणून मी अर्ध्या जगाचे आकडे शोधत बसले होते.

उद्या सकाळी खाली जाणार आहे. काय म्हणायचं ते ठरवून जायला हवं, नाहीतर मी पुन्हा खिडकी आणि ओटा सुरू करेन. ती नाही म्हणेल. माझा हात हातात घेऊन, प्रेमाने, नाही म्हणेल, हे मला आत्ता लिहितानाही दिसतंय. तरी विचारणार आहे.

भानू, हलवा करू नकोस. काहीच करू नकोस. खोली घेऊ नकोस, आमच्याकडे वर ये, अश्लेषाच्या खोलीत. सहा वाजता मीच चहा ठेवीन, दोघींचा. वर्षभर नाही, सहा महिने नाही. निदान होळीपर्यंत राहशील का?